बदलीची छाती

सुरतच्या एका डॉक्टरने माझ्या धाकट्या भावाला फसवलं. छातीचा फोटो न पाहताच त्यावर ‘नॉर्मल’ लिहून सही ठोकली, आणि त्या एका शब्दाच्या भरवशावर माझा भाऊ वर्षभर आतून झिजत राहिला. सुरतेला निघालो तेव्हा माझ्या डोक्यात एवढंच होतं, आणि नंदुरबारच्या मिरची बाजारात ज्याला वेळ होता त्याला आणि ज्याला नव्हता त्यालाही माझं ते ऐकवून झालं होतं. पुढे काय निघालं ते सांगेनच. पण ज्या रागाने मी गाडीत बसलो तो आधी मांडला पाहिजे. नाहीतर चार दिवसांत सुरतेत जे पाहिलं त्याने माझं तोंड कसं बंद झालं, ते वाचणाऱ्याला कळायचं नाही.

मी मिरचीचा व्यापारी. हातगाडीपासून सुरुवात केली, आज स्वतःचं गोदाम आहे. मिरची कानाशी धरून हलवली की बियांच्या आवाजावरून तिच्यात ओल किती उरली ते सांगतो. माल दुसऱ्याच्या डोळ्यांनी मी कधी घेतला नाही. म्हणून न पाहता सही करणाऱ्या माणसाची मला चीड.

भाऊ नवल. बारा वर्षं तो सुरतेतल्या भेस्तानच्या लूमवर, कापडाच्या मागावर होता. मागच्या वर्षी त्याला हजीऱ्याच्या मोठ्या कारखान्यातल्या एका ठेकेदाराकडे मी चिकटवलं. त्या ठेकेदाराचा माणूस आमच्याकडचाच, ओळखीतला. त्याच्याशी तासभर घासाघीस करून मी नवलची जागा पक्की केली होती. कामावर घेण्याआधी एका मोठ्या दवाखान्याची फोटो काढायची गाडी फाटकाशी आली, सगळ्यांच्या छात्या तपासल्या, नवलचा कागद आला: नॉर्मल. यंदा दिवाळीला घरी आला तर सदरा खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता. मी म्हटलं, फोटो काढ. तो म्हणाला, “काढेल शे ना नाना, नॉर्मल शे.” मी गप्प बसलो. मग पौषात त्याच्या बायकोचा, मंगलचा फोन आला. रुमालावर रक्त दिसलं होतं.

भेस्तान

भेस्तानची ओळख पायांना आधी होते. गल्लीत शिरलं की जमीनच थरथरते. भिंतीपलीकडे लूम चाललेले असतात, आणि खोलीतला पाण्याचा पेला फळीवर हळूहळू सरकत कडेला येतो. मंगल येता-जाता तो मागे ढकलते, आपण अंगावरची माशी हाकलावी तसा.

नळावर बायका आमच्या अहिराणीत भांडत होत्या, अगदी आपल्या गावच्या नळासारख्या. पण त्यांची पोरं उत्तर गुजरातीत देतात. नवलची पोरगी मला म्हणाली, “काका, बेसो ने!” मी म्हटलं, बाई, मी तुझा मोठा काका, तू मला अहिराणीत बस म्हण, मग बसतो. ती खो खो हसली आणि हिंदीत म्हणाली, “वो मुझे समझती है, आती नहीं.”

मी गोदामातली निवडक मिरची आणली होती. मंगलने तिची शेवभाजी केली. डोळ्यांतून पाणी काढणारी. सकाळी मात्र खाल्ला लोचा. वाटलेली हरभऱ्याची डाळ वाफवतात, ती नीट वडीसारखी न होता लोळागोळा होते, वर तेल आणि शेव. चव चांगली, पण तिखट म्हणाल तर नावाला. मी गाडीवाल्याला म्हटलं, “भाई, मिरची घालायला विसरलात.”

तो म्हणाला, “काका, लोचो छे, लडाई नथी.”

नवल हसला, आणि हसता हसता खोकला. तो खोकला मी पहिल्यांदा जवळून ऐकला. न्याहारी तिथेच राहिली.

मी ठरवलं, ज्या दवाखान्याने नॉर्मल लिहिलं तिथेच त्याला न्यायचं. नवल मात्र पाय ओढू लागला. “दुसरीकडं जाऊ नाना. तिकडं लांब पडतं.” मग म्हणे तिथे गर्दी असते, मग म्हणे सरकारी बरा. मला वाटलं, हा भिडस्त, मी डॉक्टरांशी भांडेन याची लाज वाटतेय. म्हटलं, “तू फक्त उभा राहा. बोलायचं काम माझं.”

अंधारी खोली

दवाखान्यात पहिलं भांडण व्हायच्या आधीच माझी फजिती झाली. ओळखीच्या डॉक्टरला द्यायला म्हणून किलोभर मिरचीची थैली मी काखेत धरली होती. ओळखीचा डॉक्टर एकही नव्हता, पण काम करून घ्यायला जाताना हात रिकामे नसावेत असं मला वाटतं. बाकावर बसताना थैलीचं तोंड सुटलं. वर पंखा चालू. पाच मिनिटांत छातीच्या विभागातले सगळे पेशंट, त्यांचे नातेवाईक आणि खिडकीतली बाई, सगळे एका सुरात शिंकायला आणि खोकायला लागले. खिडकीतली बाई डोळे पुसत ओरडली, “कौन खांसी लेके आया है?” नवलने माझ्याकडे बोट दाखवलं. त्या दिवशी तो एवढाच काय तो खुलला.

आत गेलो तर डॉक्टर बाई. पस्तिशीची, चष्मा, पायात चपला. सगळे तिला मृणालबेन म्हणत होते, झाडूवाल्यापासून मोठ्या डॉक्टरपर्यंत. आपल्याकडे डॉक्टरला मॅडम म्हणतात. इथे प्रत्येक जण भाई नाहीतर बेन. ही पद्धत भांडणाला फार वाईट. एकदा बेन म्हटलं की आवाज चढवताना जीभ अडखळते.

तरी मी चढवला. जुना कागद टेबलावर आपटून म्हटलं, “फोटो न बघता सही करता तुम्ही? माझा भाऊ वर्षभर मरतोय आणि तुम्ही नॉर्मल लिहिता?”

ती शुद्ध मराठीत, पण सुरती हेलाने म्हणाली, “काका, आधी बेसा ने. वर बघून बघून माझी मान दुखेल.”

“मी बसायला आलो नाही.”

“बरं. मग नवलभाई, तुम्ही तरी बेसा.” तिने त्याला तोंडाला लावायला मास्क दिला, खिडकी उघडली आणि कागद उचलला. तिचे वडील इथल्या मराठी शाळेत मास्तर होते, हे मागून कळलं. कागद वाचून झाल्यावर ती म्हणाली, “सही माझीच आहे.”

‘सही कोणाची?’ हे पुढचं वाक्य मी तयार ठेवलं होतं, ते वाया गेलं. बाजारात इतकी वर्षं काढली, पण आपली सही इतक्या लवकर ओळखणारा माणूस मला भेटलेला नाही.

“मी बघितलं नाही असं तुम्ही म्हणताय,” ती म्हणाली. “तर चला, तिघं मिळून बघू. आधी आजचा फोटो काढू.”

फोटो काढणारे जिग्नेशभाई. आधी ते हिऱ्याच्या कारखान्यात होते. तिथे कच्चा हिरा यंत्रात गोल फिरवून त्याच्या पोटातला डाग कुठे आहे ते पडद्यावर पाहायचे, म्हणजे कापताना तो टाळता येतो. मला म्हणाले, “पहले हीरे के अंदर देखता था, अब आदमी के अंदर. हीरा हिलता नहीं था, इतना ही फरक.” त्यांनी नवलला छाती लावून उभं केलं, श्वास रोखायला सांगितला, टक असा आवाज झाला. झालं. माझ्या लहानपणी वडिलांचा फोटो काढला तेव्हा ओली फिल्म चिमट्याला टांगून ठेवली होती, आणि आम्ही संध्याकाळपर्यंत पायरीवर बसलो होतो. इथे नवल सदऱ्याची बटणं लावत बाहेर येईपर्यंत त्याच्या बरगड्या आतल्या खोलीत पोचल्याही होत्या.

ती खोली अंधारी. भिंतीला दोन मोठे पडदे. त्यावर माझ्या भावाची छाती. ज्याला मी खांद्यावर बसवून बैलपोळा दाखवला, त्याच्या आतलं मी प्रथमच पाहत होतो. काळ्या पाण्यात पांढऱ्या फांद्या बुडाव्यात तसं दिसत होतं. मला त्यात काहीही कळलं नाही.

मृणालबेनने एक कळ दाबली. त्या काळ्या-पांढऱ्यावर हळूच रंग चढला. उजव्या बाजूला, वर, हिरव्या मिरचीवर पहिली लाली फुटते तसा. कडेला पिवळा, मध्ये लाल.

“हे संगणक म्हणतोय,” ती म्हणाली. “मी अजून काही म्हटलेलं नाही.”

“त्याला कसं कळतं?”

“त्याला लाखो छात्या दाखवल्यात. ही आजारी, ही बरी, असं सांगून सांगून. टीबी म्हणजे काय हे त्याला ठाऊक नाही. डाग कसा दिसतो ते ठाऊक आहे. मी दिवसभर बघते, संध्याकाळी माझे डोळे थकतात. याचे थकत नाहीत. म्हणून ज्याच्यावर लाल चढतं तो फोटो रांगेत माझ्यापुढे आधी येतो. आधी असा माणूस दोन दिवस वाट बघायचा.”

मला आमच्याकडचं मिरची निवडायचं यंत्र आठवलं. पट्ट्यावरून मिरच्या खाली पडत असतात, कॅमेरा प्रत्येकीचा फोटो घेतो, आणि जी पांढरी पडलीय तिला हवेच्या झोताने बाजूला उडवतो. डोळ्याची पापणी लवायच्या आत. मी ते तिला सांगितलं.

ती खुर्ची वळवून माझ्याकडे बघायला लागली. “चांगली मिरचीपण उडवतं का कधी?”

“उडवतं ना. आणि वाईट सोडतंही. म्हणून खाली एक बाई बसवतो, पुन्हा निवडायला.”

“मग ती बाई मी,” मृणालबेन म्हणाली.

मला हसू आलं, आणि मी बसलो. उभं राहून आलेला माणूस तिने असा बसवला.

तिने त्या लाल जागेवर स्वतः पुन्हा पुन्हा पाहिलं. मोठं करून, लहान करून, रंग काढून. मग म्हणाली, “मीही तेच म्हणते. आज थुंकी तपासायला घ्या, उद्या पक्कं कळेल. टीबी असला तर औषध आहे, पूर्ण बरा होतो. घाबरू नका.”

“आणि मागच्या वर्षीचा?” मी म्हटलं. माझा राग अजून शाबूत होता.

तिने मागचा फोटो शेजारच्या पडद्यावर आणला. एकाच माणसाचे दोन फोटो असले की संगणक एक दुसऱ्यावर ठेवून मधल्या काळात काय बदललं ते दाखवतो, असं ती सांगत होती. बरगडीवर बरगडी बसवतो. तो बसवू लागला. बसेना. मग पडद्यावर एक ओळ आली. इंग्रजीत होती, ती तिने मराठीत वाचली: “दोन्ही फोटो एकाच व्यक्तीचे आहेत याची खात्री करा.”

मृणालबेन पुढे वाकली. गळ्यापासून खांद्याकडे जाणारं आडवं हाड असतं ना, जुन्या फोटोतलं ते तिने मोठं केलं.

“नवलभाई, हे हाड तुमचं कधी मोडलं होतं?”

नवल खाली बघत होता. “नाही.”

“काका, बघा. जुन्या फोटोत हे मोडून सांधलंय. इथे गाठ दिसते. आजच्या फोटोत सरळ आहे, गाठच नाही. मोडलेलं हाड सांधतं. पण मोठ्या माणसाचं असं वर्षभरात कोरं होत नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे जुना फोटो नॉर्मलच आहे. मी बघूनच लिहिलं होतं, आणि बरोबर लिहिलं होतं. पण ही छाती तुमच्या भावाची नाही.”

इतके दिवस मी ज्या बाईला शिव्या देत होतो तिने एका परक्या निरोगी माणसाला निरोगी म्हटलं होतं, एवढाच तिचा गुन्हा.

ती तिथे थांबली नाही. “एक मिनिट. हे नवीन आहे, आम्ही अजून आजमावून बघतोय, याच्या भरवशावर मी काही लिहून देत नाही.” तिने त्या दिवशी फाटकाशी काढलेले सगळे फोटो उघडले, आणि तो एक फोटो त्या सगळ्यांशी ताडायला लावला. चेहरा नाही, नाव नाही. बरगड्यांचा बाक, हृदयाची कड, हाडावरची गाठ. मी चहाचा घोट घ्यावा तेवढ्या वेळात उत्तर आलं. तिने उत्तर वाचलं, प्रत्येक फोटो एकेक उघडून स्वतः तपासला, आणि चष्मा काढला.

“ही छाती त्या दिवशी एकापेक्षा जास्त नावांनी आलीय.”

“किती?”

“ते नाही सांगणार. दुसऱ्या माणसांचं आहे ते. पण मी मोजलेत, आणि आता हे वर कळवायचं माझं काम आहे.”

समोरच्याकडून आकडा काढणं हा माझा धंदा. मी गोड बोललो, चिडलो, मिरचीची थैली पुढे केली. तिने थैली ठेवून घेतली, आकडा दिला नाही.

तापीच्या काठी

डॉक्टरांनी उघड्या हवेत बसा म्हटलं होतं. मी नवलला नदीकाठी नेलं. थंडीचे दिवस, पोंकाचे तंबू लागलेले. पोंक म्हणजे आपला हुरडाच, ज्वारीचाच. पण आपण शेतात आगटीभोवती बसून तळहातावर चोळून खातो, इथे तो वजन करून देतात, वर लिंबू-मिऱ्याची शेव, साखरेचे दाणे. हुरड्यावर साखर! एरवी मी तंबूवाल्याशी तासभर वाद घातला असता.

“कोणाची छाती आहे ती?” मी विचारलं.

“हिलालची.” हिलाल म्हणजे नवलचा जुना जोडीदार, एकाच खोलीत राहिलेले. आता त्याच ठेकेदाराकडे, शहराच्या दुसऱ्या टोकाला कोसाडला राहतो.

आता बाहेरच्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. लूम बंद राहून चालत नाही. कोणाला लग्नाला, मयताला गावी जायचं असलं की तो आपल्या जागी दुसरा उभा करून जातो. त्याला ‘बदली’ म्हणतात. यंत्र त्याचं, हजेरी त्याच्या नावाची, हात दुसऱ्याचे. परत आल्यावर हा त्याची पाळी भरून देतो. खानदेशातून आलेल्या माणसांनी सुरतेत आयुष्यं काढली ती या बदलीवर. यात लबाडी आहे असं कोणाच्या मनातही येत नाही. उलट जो बदली जात नाही तो माणूस वाईट.

“माले तव्हयच खोकला व्हता, नाना,” नवल म्हणाला. “ठेकेदाराच्या सुपरवायझरने ऐकला. म्हणाला, तू रांगेत उभा राहू नको, कोणाला तरी बदली पाठव. नाव तुझंच लागेल.”

“आणि तू पाठवला! छातीला बदली!” मी ओरडलो. तंबूतले लोक वळून बघू लागले. रागात मी आपल्या भाषेवर येतो. “कसाले? माले का नही सांगं? मना कान फुटेल व्हतात का?”

नवल पोंकाचे दाणे बोटाने एका रेघेत लावत होता.

“तू शब्द टाकेल व्हता, नाना,” तो म्हणाला. “मी नापास व्हतू त तुनं नाव खराब व्हतं.”

तापी समोरून वाहत होती. मी पोंकाचा कागद दुमडला, उघडला, पुन्हा दुमडला. आयुष्यभर मी माझ्या शब्दाचा भाव वाढवत आलो. घरात त्याचा धाक किती झालाय हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगण्याची सोयही मी ठेवली नव्हती.

कोसाड

दुसऱ्या दिवशी थुंकीचा निकाल आला. टीबीच. औषध त्याच सकाळी सुरू झालं, आणि मंगलची आणि पोरीचीही तपासणी लागली. त्यांना तिथे सोडून मी कोसाडला गेलो. नवीन राग घेऊन.

कोसाडच्या चाळीसारख्या इमारती, एकीच्या गॅलरीतला पापड दुसरीच्या वाळत घातलेल्या साडीखाली. तिसऱ्या मजल्यावर हिलाल. दाराएवढा माणूस. नाना येतोय एवढंच नवलने त्याला कळवलं होतं; मला पाहून त्याने लोटांगण घालायचंच बाकी ठेवलं. “नाना! बसा, बसा. भाकर टाकायला सांगतो.”

मी त्याची गळपट्टी धरली. “नवलच्या नावाने फोटोला तू गेलास?”

“गेलो ना!” तो अभिमानाने म्हणाला.

गळपट्टी धरताना त्याचं वरचं बटण निघालं होतं. माझ्या अंगठ्याखाली काहीतरी कठीण लागलं. गळ्याजवळच्या त्या आडव्या हाडावर एक गाठ. सुपारीएवढी.

मी हात काढून घेतला. अंधाऱ्या खोलीत, या माणसापासून कोसभर लांब, ही गाठ मी काल पाहिली होती. त्याचं तोंड पाहायच्या आधी मी त्याचं हाड ओळखत होतो. नवस फेडायला मी बऱ्याच देवळांत गेलोय, पण अंगावर असा काटा कुठे आला नव्हता.

“हे कसं झालं?”

“हे? लूमवरचा ताण्याचा बीम, सुताचा तो जड रूळ, पडला खांद्यावर. जुनं आहे. तुम्हाला कसं समजलं?”

मी सगळं सांगितलं. त्याने आधी ते थट्टेवर नेलं. “पाच जणांचं काम केलं नाना मी त्या दिवशी! माझं धरून पाच. रांगेत जायचो, शर्ट बदलून परत यायचो. सुपरवायझर हसायचा. पाचव्यांदा म्हणाला, आता कोणाचं नाव घेऊन आलास रे पहिलवान?”

“गाडीतल्या माणसाने ओळखलं नाही?”

“तो काचेआड. नाव ऐकायचा, बटण दाबायचा.”

“नवलला टीबी निघाला, हिलाल. तू गेला नसतास तर मागच्याच वर्षी निघाला असता.”

त्याचं हसू एकदम गेलं नाही. चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि डोळे बदलले. मोठ्या माणसाचं रडं बघवत नाही. “मी तर मदत केली नाना. कोणाकडून चहासुद्धा घेतला नाही.” मग त्याने बोटं मोजायला घेतली. एक स्वतः, दुसरा नवल. तिसऱ्या बोटाशी थांबला. “मग बाकीचे तिघं?”

पुन्हा अंधारी खोली

बाकीच्या तिघांतले दोन कोसाडलाच होते. एक म्हणाला, आज पाळी आहे. हिलाल म्हणाला, “पाळीवर मी बदली जातो. फोटोला तुझा तू जा.” चौथ्या दिवशी त्याने दोघांना हाताला धरून दवाखान्यात आणलं, मीही सोबत गेलो, आणि मृणालबेनने न विचारताच ओळखलं की हे कोण. तिने फक्त हिलालकडे, म्हणजे त्याच्या गळ्याकडे, एकदा पाहिलं आणि म्हणाली, “अच्छा. तुम्ही.” जुनी ओळख असल्यासारखी.

माझाही फोटो काढला, घरात वावरलो होतो म्हणून. माझ्या छातीवर खाली एक गोल लाल ठिपका उमटला. म्हटलं, आता आपणही गेलो. मृणालबेनने रंग काढून पाहिलं आणि हसू दाबत म्हणाली, “काका, ही चांगली मिरची उडवली यंत्राने. ते तुमच्या स्तनाचं बोंड आहे.” जिग्नेशभाई तोंड फिरवून उभे राहिले, पण खांदे हलत होते. त्या यंत्राबद्दलचा माझा आदर यामुळे कमी झाला नाही. चुकतं, आणि चुकल्यावर कोणीतरी बघतं, हे मला आमच्या धंद्यातून समजतं.

दोघांपैकी एक स्वच्छ निघाला. दुसऱ्याच्या फोटोवर लाल चढलं, नवलएवढं नाही, पण चढलं. त्याने पडद्याकडे पाहून विचारलं, “हे माझंच आहे ना?” मृणालबेन म्हणाली, “हो. या वेळी तुमचंच.”

तिसरा सापडलेला नाही. सहा महिन्यांपूर्वी काम सोडून गावी गेला. फोन बंद. हिलालला त्याचं नाव ठाऊक आहे, गाव नाही.

मी हजीऱ्याला फाटकापर्यंत गेलो. लांबवर धुरांडी, नळ्यांचे डोंगर, आत जाणाऱ्या माणसांचा चेहरा तपासणारं यंत्र. पहारेकऱ्याने निरोप नेला. उत्तर आलं, सुपरवायझर कामात आहेत. दोनदा गेलो. दोन्हीदा कामात.

म्हणून हे इथे लिहितोय, आणि हे छापलेलं त्याच्या हातात पडेल अशी व्यवस्था मी करणार आहे.

सुपरवायझरसाहेब, माझ्या वाटणीचं उत्तर मी दिलंय. मंगल आणि पोरगी समोर असताना नवलला म्हटलं, माझ्या शब्दापेक्षा तुझा खोकला मोठा होता, चूक माझी. मला हे म्हणायला जड गेलं, पण म्हटलं. मृणालबेनने त्यांच्या गाडीतल्या माणसाला लेखी जाब विचारलाय, आणि नाव ऐकून बटण दाबायची पद्धत बंद करून घेतलीय. हिलाल रोज सकाळी नवलला गोळ्या गिळायला लावून मगच कामाला जातो. राहिलात तुम्ही.

ज्या यंत्राला माणूस म्हणजे काय ते ठाऊक नाही त्याने हाडाच्या गाठीवरून हिलालला पाचही वेळा ओळखलं. तुम्हीही ओळखलंत. पाचव्यांदा त्याला नावाने नाही, पहिलवान म्हणून हाक मारलीत आणि हसलात. खोकणाऱ्या माणसाला डॉक्टरपासून लपवायचं कोणी शिकवलं तुम्हाला? कोणाच्या फायद्यासाठी? आणि जो न सापडलेला तिसरा माणूस छातीत काय आहे हे न कळता कुठल्या तरी गावात बायकापोरांत बसून जेवतोय, त्याच्या गावाचं नाव तुमच्या हजेरीच्या वहीत आहे. बाकीची उत्तरं सवडीने द्या. ते नाव आज सांगा.